इष्टदैवताची निवड: पहिल्या ओढीपासून रोजच्या बैठकीपर्यंत

देव्हाऱ्यात गणपती असतो, अन्नपूर्णा असते, बाळकृष्ण आणि शंकराची पिंडी असते, शिवाय वेगवेगळ्या यात्रांहून आणलेल्या तसबिरी असतात आणि सगळ्यांना रोज न चुकता गंधफूल मिळते. मात्र पूजा आटोपून डोळे मिटून बसायचे म्हटले की नेमके कोणाला समोर आणावे हे ठरत नाही, आणि पाच मिनिटांत मन देव्हारा सोडून भलतीकडे निघून जाते. ध्यान जमत नाही या तक्रारीमागे पुष्कळदा ही राहून गेलेली निवड असते.

संस्कृतात ‘इष्ट’ हे रूप दोन धातूंपासून सिद्ध होते. ‘इष्’ म्हणजे इच्छिणे, म्हणून इष्ट म्हणजे हवेसे वाटलेले. आणि ‘यज्’ म्हणजे यजन करणे, म्हणून इष्ट म्हणजे ज्याचे यजन झाले आहे ते. इष्टदैवत या शब्दात पहिला अर्थ धरला जातो, पण साधकाने दोन्ही लक्षात ठेवावेत. नुसती ओढ असून उपासना नसेल तर ती आवड राहते, आणि ओढ नसताना चाललेली उपासना लवकरच उरकण्याचे काम होऊन बसते.

कुलदैवत, ग्रामदैवत आणि इष्टदैवत यांतला फरक आरंभीच स्पष्ट असलेला बरा. कुलदैवत जन्माने मिळते, ग्रामदैवत वस्तीमुळे मिळते, आणि इष्टदैवत मात्र ज्याचे त्याला शोधावे लागते. कुलदैवत आणि इष्टदैवत एकच असेल तर उत्तमच. नसेल तर कुलाचार कुळाच्या रीतीने चालू ठेवावा आणि ध्यानाला इष्टदैवत घ्यावे; यात कोणाचाही अवमान होत नाही. आपले कुलदैवत कोपेल या भीतीने वर्षानुवर्षे अडून राहिलेली माणसे मी पाहिली आहेत. सणवार, कुळधर्म आणि नवस कुलदैवताकडे, अंतरंगातली बैठक इष्टदैवतापाशी, अशी विभागणी असंख्य घरांत पूर्वापार चालत आली आहे.

निवडीचा अधिकार

आपण निवडायचे म्हणजे आगाऊपणा तर नव्हे, ही शंका प्रामाणिक असते. पतंजलींनी योगसूत्रांत चित्त स्थिर करण्याचे अनेक उपाय सांगितल्यावर पहिल्या पादाच्या, म्हणजे भागाच्या, ३९व्या सूत्रात ‘यथाभिमतध्यानाद्वा’ असे म्हटले आहे, म्हणजे ज्याला जे अभिमत असेल त्याच्या ध्यानानेही चित्त स्थिर होते. दुसऱ्या पादातल्या ४४व्या सूत्रात तर स्वाध्यायाने इष्टदेवतेशी संयोग होतो असा थेट उल्लेख आहे. गीतेच्या सातव्या अध्यायात, जो भक्त ज्या रूपाचे श्रद्धेने अर्चन करू इच्छितो त्याची त्याच रूपावरची श्रद्धा मी अचल करतो, असे भगवंतांचे वचन आहे. निवडीला एवढा आधार पुरेसा आहे.

पहिली पायरी: मन आधीच कोठे जाते ते पाहणे

निवड करायला बसण्यापूर्वी दोन-तीन आठवडे फक्त नोंद ठेवावी. एक लहान वही घ्यावी आणि दिवसाअखेरी चार ओळी लिहाव्यात. ठेच लागली, फोनवर वाईट बातमी आली, वाहनाने अचानक ब्रेक मारला, तेव्हा तोंडातून कोणाचे नाव निघाले? देवळात अनेक देव असताना पाय कोणाच्या समोर रेंगाळले? लहान मुलाला गोष्ट सांगताना आपसूक कोणाची सांगितली? कोणते स्तोत्र म्हणताना गळा दाटून आला आणि कोणते केवळ पाठ असल्यामुळे पार पडले?

या नोंदी वाचताना दोन गोष्टी वेगळ्या काढाव्यात. भीतीपोटी आलेली नावे एका बाजूला ठेवावीत. साडेसाती सुरू झाली म्हणून जवळ केलेले दैवत साडेसाती संपली की मागे पडते. परीक्षा, नोकरी, लग्न, कोर्टातले प्रकरण अशा कामांसाठी धरलेली दैवतेही वेगळी मांडावीत. काम्य उपासना शास्त्राला मान्य आहे आणि तिच्यात कमीपणा नाही, पण फळ मिळाले किंवा हुकले की तिचा हेतू संपतो. संकट नसताना, काही मागायचे नसताना जे नाव वहीत पुन्हा पुन्हा येते त्याच्याकडे लक्ष द्यावे. बहुतेकांच्या वहीत अशी एक किंवा दोनच नावे उरतात.

दुसरी पायरी: नाते कोणते, हे ओळखणे

ही पायरी बरेच जण गाळतात आणि पुढे अडखळतात. भक्तिशास्त्राने ईश्वराशी असलेल्या नात्याचे पाच मुख्य भाव मानले आहेत: शांत, दास्य, सख्य, वात्सल्य आणि माधुर्य. हनुमंताचा दास्यभाव, अर्जुनाचे सख्य, यशोदेचे वात्सल्य, तमिळ संत आंडाळ आणि मीराबाई यांचे माधुर्य ही सर्वांना ठाऊक असलेली उदाहरणे आहेत. देवीच्या उपासनेत बहुधा वात्सल्याची दिशा उलटते, तेथे भक्त लेकरू होतो आणि देवता आई. विठ्ठल पुरुषरूप असूनही त्याला ‘माउली’ आणि ‘विठाबाई’ म्हणणाऱ्या संतांनी हीच दिशा धरली. जनाबाईच्या अभंगांतला देव तर तिच्याबरोबर दळायला बसतो.

आपला भाव ओळखण्याची एक साधी रीत आहे. एकांतात बसून त्या दैवताशी मोठ्याने बोलून पाहावे. संबोधन काय येते, ‘तू’ की ‘आपण’? तक्रार करता येते का, की जीभ अडते? बोलताना मान खाली जाते, की समोर पाहावेसे वाटते? ज्याला लहानपणापासून शिस्तीचा आधार वाटतो त्याला स्वामी आणि सेवक हे नाते सहज पेलते, तर ज्याने आयुष्यभर इतरांना सांभाळले आहे अशा माणसाला कधी कधी कोणाच्या तरी मांडीवर डोके टेकवायची आस असते. अर्थात याच्या अगदी उलटही घडते, म्हणून स्वभावावरून गणित मांडण्यापेक्षा बोलून पाहणे अधिक खात्रीचे.

भाव कळला की दैवताचे रूपही बरेचसे निश्चित होते. ‘माझे इष्टदैवत कृष्ण’ एवढ्याने काम भागत नाही. रांगणारा बाळकृष्ण, मुरलीधर आणि कुरुक्षेत्रावरचा पार्थसारथी यांच्याशी जडणारी नाती वेगवेगळी आहेत, आणि आज रांगणारे मूल, उद्या सारथी असे करत राहिले तर नाव एक असूनही मनाला बसायला एक जागा मिळत नाही. शंकराचेही तसेच आहे: समाधिस्थ योगी, पार्वतीसह बसलेला गृहस्थ आणि तांडव करणारा नटराज यांतला आपला कोण, हे ठरवावे लागते.

साकार की निराकार

ज्यांना मूर्तीत मन लागत नाही त्यांनी स्वतःला भक्तीबाहेरचे समजू नये. हृदयातल्या सूक्ष्म आकाशाचे चिंतन छांदोग्य उपनिषदात दहरविद्या म्हणून आले आहे. पतंजलींनी शोकरहित ज्योतिर्मय प्रवृत्तीचा आणि वीतराग, म्हणजे आसक्ती सुटलेल्या, पुरुषाच्या चित्ताचाही आलंबन, म्हणजे ध्यानाचा आधार, म्हणून उल्लेख केला आहे, त्यामुळे ज्योत, प्रणव म्हणजे ॐकार किंवा एखादे संत सत्पुरुष यांचे ध्यानही परंपरेच्या आतच बसते. मात्र अव्यक्तात चित्त गुंतवणाऱ्यांना क्लेश अधिक होतात, असा गीतेच्या बाराव्या अध्यायात स्पष्ट इशारा आहे. निराकार ही वरची इयत्ता आणि मूर्ती म्हणजे बालवर्ग, ही समजूत तर सोडूनच द्यावी. ‘अद्वैतसिद्धी’ लिहिणारे मधुसूदन सरस्वती अद्वैताचे दिग्गज पंडित होते, आणि कृष्णापलीकडचे कोणतेही तत्त्व मला ठाऊक नाही असा श्लोकही त्यांचाच आहे.

गुरू, कुंडली आणि घरच्यांचे मत

गुरूंकडून दीक्षा झाली असेल तर निवडीचा प्रश्न मिटलेला आहे. मिळालेले नाम आणि रूप घेऊन पुढची पायरी गाठावी. उपदेश देण्यापूर्वी शिष्याची वृत्ती पाहण्याची रीत जुनी आहे. रामकृष्ण परमहंस स्वतः कालीला आई मानून भजत, तरी भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी कालीच्या उपासनेला लावले नाही.

ज्योतिषात जैमिनी पद्धतीने आत्मकारक ग्रह (पत्रिकेत आपल्या राशीत सर्वाधिक अंशांवर असलेला) काढून, तो नवमांशात (राशीचे नऊ भाग करून मांडलेल्या कुंडलीत) ज्या राशीत असेल तेथून बाराव्या स्थानावरून इष्टदेवता सांगतात. वहीत दोन नावे तुल्यबळ असतील तर तिसरे मत म्हणून हे जरूर विचारावे. कुंडलीत निघालेल्या दैवताविषयी मनात काहीच हलत नसेल तर केवळ पत्रिकेसाठी वहीतले नाव सोडू नये, असे माझे मत आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारण्याचा उपयोग वेगळाच होतो: आपण दोन-तीन वर्षांचे असताना कोणत्या देवाचे नाव घेऊन झोपत होतो हे त्यांनाच आठवत असते.

तिसरी पायरी: चाळीस दिवसांची कसोटी

एकच नाव उरले असेल तर ४० दिवस त्याच्यासह बसावे; दोन उरली असतील तर आधी एकासाठी ४० दिवस द्यावेत आणि नंतर दुसऱ्यासाठी. एकाच बैठकीत दोघांना आलटून पालटून समोर आणू नये. वेळ, जागा, आसन आणि कालावधी दोन्ही वेळा सारखा ठेवावा, म्हणजे फरक दिसला तर तो दैवतामुळे आहे हे कळते. आरंभी २० मिनिटे पुरतात. संकल्प मनातल्या मनात करावा आणि तो चारचौघांत सांगू नये, कारण सांगितले की निवडीला प्रतिष्ठा चिकटते आणि मग चूक झाली असली तरी मागे फिरता येत नाही.

काय तपासायचे, यात पुष्कळांची फसगत होते. प्रकाश दिसला, स्वप्नात दर्शन झाले, अंगावर रोमांच आले, या गोष्टी घडल्या तर घडू द्याव्यात, पण त्यांवर निर्णय बेतू नये; झोप कमी झाली तरी असे अनुभव येतात. पाहायचे ते साधे असते. अंगात कणकण असलेल्या दिवशीही थोडा वेळ बसावेसे वाटले का? जिना चढताना, भांडी घासताना नाम आपोआप सुरू झाले का? रागाच्या भरात एखादे कठोर वाक्य बोलून झाल्यावर त्या रूपापुढे जायला संकोच वाटला का? हा संकोच मला सगळ्यांत विश्वासार्ह खूण वाटते, कारण नाते जडल्याखेरीज तो निर्माण होत नाही.

चौथी पायरी: रूप नेमके करणे

इष्टदैवत ठरले की त्याची एकच प्रतिमा निवडावी आणि ती बदलू नये. बसल्यावर डोळ्यांच्या पातळीवर येईल अशी ती ठेवावी. प्रतिमेसोबत त्या दैवताचा ध्यानश्लोकही घ्यावा, कारण ध्यानश्लोक ही रूपाची शब्दांतली रेखाकृती असते. ‘सुंदर ते ध्यान’ म्हणणारा तुकोबांचा अभंग याच जातीचा आहे: विटेवर उभे राहणे, कटेवरचे हात, गळ्यातला तुळशीहार, कासेचा पीतांबर, कानांतली मकरकुंडले, कंठातला कौस्तुभ, असा एकेक तपशील तो डोळ्यांपुढे ठेवत जातो.

येथे माझीच एक गोष्ट सांगतो. गणपती अथर्वशीर्ष मला शाळेत असल्यापासून पाठ आहे. ध्यानाला गणपतीचे रूप घेतले तेव्हा डोळे मिटून चार हात पाहू लागलो, आणि चौथ्या हातात मोदक आला. वास्तविक रोज म्हणत असलेल्या त्या पाठात मोदक नाहीच. पाश, अंकुश, स्वतःचा दात आणि वर देणारा हात असे चार हात तेथे सांगितले आहेत. वर्ण तांबडा, वस्त्रे तांबडी, कान सुपासारखे आणि ध्वजावर मूषक. माझ्या मनातले रूप एका जुन्या तसबिरीतून आले होते आणि तोंडातले शब्द दुसऱ्याच रूपाचे होते. मोदकधारी रूप चुकीचे आहे असा याचा अर्थ नव्हे, पण जिभेवर एक आणि डोळ्यांपुढे दुसरे असेल तर ओढाताण होते. म्हणून ध्यानश्लोकाचा अर्थ एकदा शब्दशः समजून घ्यावा आणि प्रतिमा त्याच्याशी जुळणारी निवडावी.

रूप डोळ्यांपुढे एकदम संपूर्ण आणण्याची घाई करू नये. भागवताच्या तिसऱ्या स्कंधातल्या २८व्या अध्यायात कपिलमुनी आपल्या मातेला, देवहूतीला, भगवंताच्या ध्यानाची रीत सांगतात. ती चरणांपासून सुरू होते, एकेका अवयवावर चित्त स्थिर करत वर चढते आणि मुखावरच्या हास्यापर्यंत पोहोचते. व्यवहारात ती अशी आणावी: पहिले आठ-दहा दिवस प्रतिमेच्या पावलांकडे दोन मिनिटे पाहावे, डोळे मिटावेत आणि फक्त पावले आठवावीत. ती पुसट झाली की डोळे उघडून पुन्हा पाहावे. पावले सहज येऊ लागली की वस्त्र, मग हात आणि आयुधे, मग गळा, मग मुख. ज्यांना डोळे मिटल्यावर चित्र दिसतच नाही, आणि अशी माणसे पुष्कळ असतात, त्यांनी दिसण्याचा हट्ट सोडावा. समोर कोणी बसले आहे ही जाणीव आणि ध्यानश्लोकाचे शब्द एवढ्यावर त्यांचे ध्यान उत्तम चालते.

पाचवी पायरी: नाम किंवा मंत्र

रूपाला नामाची जोड लागते, कारण चालता-बोलता रूप टिकत नाही, नाम टिकते. शिवाला ‘नमः शिवाय’ हा पंचाक्षरी, विष्णूला ‘ॐ नमो नारायणाय’ हा अष्टाक्षरी, वासुदेवाला ‘ॐ नमो भगवते वासुदेवाय’ हा द्वादशाक्षरी आणि रामाला ‘श्रीराम जय राम जय जय राम’ हा त्रयोदशाक्षरी मंत्र प्रसिद्ध आहे. ‘ह्रीं’, ‘क्लीं’ यांसारखी बीजाक्षरे असलेले तांत्रिक मंत्र मात्र छापील पुस्तकातून किंवा मोबाइलवरून उचलू नयेत, ते दीक्षेनेच घेण्याची परंपरा आहे. दीक्षा नसेल तर नुसते नाम घ्यावे. नामाला काळवेळेचे बंधन नाही, हे संतांनी इतक्या वेळा सांगितले आहे की त्याविषयी वेगळा खुलासा नको.

जपाचे वाचिक, उपांशु आणि मानस असे तीन प्रकार आहेत. नवख्याने थेट मानस जपाला बसू नये, झोप लागते. आधी ऐकू येईल असा, मग ओठ हलतील पण शेजाऱ्याला ऐकू येणार नाही असा, आणि पुढे मनातला, असा क्रम ठेवावा. माळ १०८ मण्यांची असते. शिवाला रुद्राक्षाची आणि विष्णूच्या रूपांना तुळशीची घेण्याचा प्रघात आहे. मणी मधल्या बोटावर अंगठ्याने ओढावा, तर्जनी लावू नये, आणि मेरुमणी, म्हणजे माळेच्या जोडावरचा मणी, आला की तो न ओलांडता माळ उलटी फिरवावी. त्रयोदशाक्षरी मंत्राची एक माळ शांतपणे केली तर सहा ते आठ मिनिटे लागतात, यावरून आपली संख्या ठरवता येते. पतंजलींनी जपाबरोबर अर्थाची भावना सांगितली आहे, तेव्हा तीन माळा अर्थासह झाल्या तर अकरा माळा उरकण्यापेक्षा त्या बऱ्या.

रोजची बैठक

अर्ध्या तासाची बैठक पुढीलप्रमाणे बसवता येईल. पहिली तीन मिनिटे आसन आणि श्वास स्थिर करण्यासाठी. गीतेच्या सहाव्या अध्यायात आसन फार उंच नाही आणि फार सखल नाही असे सांगून पाठ, मान आणि मस्तक सरळ ठेवायला सांगितले आहे, आणि गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर बसूनही हे साधते. नंतर एकदा ध्यानश्लोक म्हणून प्रतिमेकडे पाहावे. मग दोन किंवा तीन माळा जप, त्यानंतर आठ-दहा मिनिटे माळ खाली ठेवून केवळ रूपाशी राहणे, आणि शेवटी नमस्कार. मन निघून गेले हे लक्षात आले की स्वतःवर न चिडता त्याला पावलांवर परत आणावे. एका बैठकीत हे पन्नास वेळा करावे लागले तरी ती बैठक वाया गेलेली नसते.

पुढे येणाऱ्या अडचणी

तीन-चार महिन्यांनी कोरडेपणा येतो, आणि नेमके तेव्हाच दुसरे दैवत आकर्षक वाटू लागते. कोणी एखादे नवे स्तोत्र पाठवतो, कोणाचा चमत्काराचा अनुभव कानावर पडतो, आणि आपली निवड चुकली असे वाटते. अशा काळात बदल करू नये. दीर्घकाळ, अखंड आणि आदरपूर्वक केलेला अभ्यासच दृढ होतो, हे पतंजलींचे सूत्र याच दिवसांसाठी आहे. बैठकीची वेळ हवी तर निम्मी करावी, पण रूप आणि नाम तेच ठेवावे. पूर्ण वर्ष नियमाने बसूनही त्या रूपाविषयी केवळ परकेपणाच वाटत असेल, तर मात्र जुनी वही काढून पुन्हा पहिल्या पायरीवर यायला हरकत नाही.

निष्ठा आणि दुराग्रह यांतले अंतर मात्र राखावे. नरहरी सोनारांची आख्यायिका येथे आठवते. ते कट्टर शिवभक्त होते आणि विठ्ठलाचे तोंड पाहायचे नाही म्हणून डोळ्यांवर पट्टी बांधून ते मूर्तीच्या कमरेचे माप घ्यायला गेले. हाताला जटा आणि गळ्यातला सर्प लागला म्हणून घाईने पट्टी काढली तर समोर विठ्ठल, आणि पुन्हा बांधून चाचपले तर पुन्हा शंकर. ज्याला आपण टाळत होतो तो आपलाच देव आहे हे त्यांना बोटांनी कळले. पंचायतन पूजेतही शिव, विष्णू, देवी, गणपती आणि सूर्य हे पाचही एकाच तबकात असतात. ज्याचे जे इष्ट ते मध्यभागी आणि उरलेले चौघे चार कोपऱ्यांत. उपासक बदलला की मांडणी बदलते, देव तेच राहतात. म्हणून शिवभक्ताने रामनवमीला रामाच्या देवळात आनंदाने जावे, आरतीत टाळ वाजवावा, प्रसाद घ्यावा. फक्त डोळे मिटून बसताना मध्यभागी कोण, हे रोज नव्याने ठरवू नये.

आणखी एक अडचण बऱ्याच उशिरा येते आणि साधक तिने घाबरतो. एवढ्या कष्टाने उभे केलेले रूप काही दिवस बैठकीत विरू लागते. नाम चालू असते, मन शांत असते, पण मुख, हात, आयुधे काहीच समोर राहत नाही. झोप किंवा गुंगी नसेल तर रूप ओढून आणण्याची खटपट करू नये. कपिलमुनींच्या त्याच उपदेशात, भगवंताला धरू पाहणारा चित्ताचा गळ शेवटी हळूहळू आपोआप सुटतो, असे म्हटले आहे. तो तेथे सुटतो, सोडवलेला नसतो. अशा दिवशी वेळ संपेपर्यंत तसेच बसून राहावे, उठण्यापूर्वी डोळे उघडून प्रतिमेच्या पावलांकडे एकदा पाहावे, आणि दुसऱ्या दिवशीची बैठक नेहमीप्रमाणे ध्यानश्लोकानेच सुरू करावी.